वहीच्या तिसऱ्या पानावर माझं निधन

गंगाखेड शहर, नदीपलीकडच्या वस्त्या आणि साखर कारखान्याच्या रस्त्यावरचे समस्त रहिवासी यांना जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, प्रस्तुत लेखक गेल्या वैशाखात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका दोनशे पानी वहीच्या तिसऱ्या पानावर, वरून आठव्या ओळीत, अल्पशा आजाराने निधन पावला. अंत्यविधी त्याच परिच्छेदात उरकण्यात आला. पाच-सहा माणसं हजर होती. शब्दमर्यादेमुळे जास्त बोलावता आली नाहीत.

मारणारी माझी सख्खी भाची. मारायला शिकवणारा मी.

माझी ओळख सांगतो. मी गंगाखेडच्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. पण तालुक्यात माझं नाव आहे ते शिकवण्यामुळे नव्हे, शोकसभांमुळे. गावात बरं माणूस गेलं की पहिला फोन मंडपवाल्याला जातो आणि दुसरा मला. कुठल्या वाक्यावर थांबायचं, कुठल्या वाक्यावर चष्मा काढायचा, कुठे आवाज खाली आणून लोकांना पुढे झुकायला लावायचं, हे मला कळतं. एकदा पालमला एका दुकानदाराच्या शोकसभेत मी असा काही बोललो की त्याच्याशी वीस वर्षं कोर्टात भांडणारा शेजारी उठून हुंदके द्यायला लागला. माझी बायको अशा सभांना शेवटच्या रांगेत बसायची आणि घरी आल्यावर पदर डोक्यावर घेऊन माझी हुबेहूब नक्कल करायची. तिला जाऊन आता अडीच वर्षं झाली. तिच्या वेळी माईक दुसऱ्याच्या हातात होता. काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही.

तर भाची. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पालमला दिलेली. तिची ही धाकटी. बारावी झाली आणि पोरीनं पुण्याच्या एका कॉलेजात पत्रकारिता शिकायचं डोक्यात घेतलं. तिथे प्रवेश परीक्षा. अर्धे मार्क टिकमार्कच्या प्रश्नांना आणि अर्धे एका निबंधाला. विषय ऐन वेळी कळणार, वेळ पाऊण तास, मर्यादा पाचशे शब्द, मराठीत लिहिलं तरी चालेल. आमचे दाजी फार बोलणारे नव्हेत. त्यांनी दोनच वाक्यं बोलून दाखवली होती. "लागला नंबर तर पुण्याला सोडून येतो. न्हाई लागला तर पालमला बी.ए.ला नाव टाकायचं अन् पुढच्या साली परीक्षा-बिरीक्षा म्हणायचं न्हाई." म्हणजे डाव एकच. आणि त्या एका डावासाठी पोरगी पाच आठवडे माझ्याकडे मुक्कामाला आली. एक पिशवी कपडे, एक पिशवी पुस्तकं आणि अक्कानं दिलेली ठेच्याची बरणी.

पोरगी कमी बोलणारी. लिहिताना पेन इतकं दाबायची की मागच्या पानावर अक्षरं उलटी वाचता यावीत.

पहिल्याच दिवशी मी तिला माझं तीस वर्षांचं गुपित सांगितलं. बोर्डाचे पेपर मी ढिगानं तपासलेत. तपासनीस म्हणजे कोण, तर दुपारी अडीच वाजता, पंखा बंद, समोर दोनशे निबंध, त्यातले दीडशे एकाच गाईडातून उतरवलेले. पावसाळ्यातला एक दिवस, फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, मोबाइल शाप की वरदान. अशा माणसाला जागं करायचं तर एकच उपाय. निबंधात कुणीतरी मेलं पाहिजे. पहिल्या दहा ओळींच्या आत. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांनी तालुक्यातल्या शेकडो धडधाकट आज्या मारून पहिला वर्ग मिळवलाय. त्या आज्या निकालाच्या दिवशी पेढे खायला हजर असायच्या.

"मग कुणाला मारू?" पोरीनं विचारलं.

"खरोखर गेलेलं माणूस घ्यायचं नाही."

"का बरं?"

"हात थरथरतो. हात थरथरला की मुद्दे सुटतात." हे मी भिंतीकडे बघून म्हणालो. "जिवंत माणूस घ्यावं. शक्यतो रोज डोळ्यांसमोर असलेलं. म्हणजे तपशील आयता मिळतो."

पोरीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बाजारात कलिंगड घेताना बघतात तसं. मी हसलो. मला वाटलं, वा, पोरगी तयार आहे.

पाच दिवसांनी, दुपारी चार वाजता, तिनं वही पुढे केली.

मी आधी शिक्षक म्हणूनच वाचायला बसलो. लाल पेन हातात. आठव्या ओळीत मी गेलो. शाबास, वेळेत मारलं. अंत्यविधी थोडक्यात, ठीक. पुढे 'मामांच्या जाण्यानं घराचा आवाजच गेला' असं वाक्य होतं, त्याखाली मी रेघ मारली आणि समासात 'उत्तम' लिहिलं. स्वतःच्या मरणाला 'उत्तम' असा शेरा देणारा मराठवाड्यातला मी पहिला मास्तर असेन. मग पान उलटलं आणि पेनला टोपण लावलं.

कारण त्या पानावर मामी होती. चालती-बोलती.

तसं बघितलं तर साधी गोष्ट. रिकाम्या घराचा निबंध होत नाही. मामा मेले तर मागे कुणीतरी राहायला हवं, घरात वावरायला हवं. म्हणून पोरीनं अदलाबदल केली. मला उचलून तिकडे ठेवलं आणि मामीला इकडे आणलं. आणि मामीला करायला काय दिलं, तर पाच दिवसांत तिनं मला जे जे करताना बघितलं होतं ते.

'मामी अजून भाजीत मीठ टाकत नाही, कारण मामांना मीठ बंद होतं. आता घरात कुणालाच मीठ बंद नाही. मामी ताटात वरून मीठ घेते.'

हे मी करतो. बायकोच्या किडनीचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून आमच्या घरची भाजी आळणी, आणि ती गेल्यावरही ती आळणीच होते. पोरीनं पाच दिवस न कुरकुरता ती खाल्ली होती आणि वहीत नोंदवून ठेवली होती.

'मामी मामांच्या मोबाइलचं रिचार्ज संपू देत नाही. तो फ्रीजवर ठेवलेला असतो. कंपनीचा मेसेज आला आणि तो वाजला की मामी स्वयंपाकघरातून म्हणते, आले, आले.'

हेही मी करतो. पण 'आलो, आलो' म्हणतो हे मला माहीत नव्हतं.

आणि शेवटी हे. 'बाहेर जाताना मामी आत तोंड करून म्हणते, येते हो. मग कुलूप हातात धरून जरा थांबते. मग लावते.'

मी वही मिटली आणि म्हणालो, "ठीक आहे. शुद्धलेखन बरं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो. पोरगी गच्चीवर वाचत बसली होती, खाली घर रिकामं. मी चपला घातल्या, आत तोंड करून म्हणालो, "येतो गं." आणि थांबलो. हातात कुलूप, कुलपाचा दांडा वर. म्हणजे पोरीनं लिहिलं होतं ते खरं होतं. फरक एवढाच की त्या दिवसापर्यंत मी थांबत होतो ते मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं, आणि माहीत असताना थांबलं की कान लागतात. स्वयंपाकघराच्या बाजूला कुणीतरी उत्तर द्यायच्या बेतात आहे, हातातलं काम खाली ठेवतंय, असं मला वाटलं. सकाळचे सात वाजले होते, गल्लीत घंटागाडी आली होती. भुतं वगैरे यायची ती वेळ नव्हे. तरी मी कुलूप न लावताच दूध आणायला गेलो.

इथून पुढे माझं वागणं शिक्षकाचं राहिलं नाही, हे कबूल करतो.

चार वाजता मी पोरीला म्हणालो, "निबंध चांगला आहे. पण संध्याकाळ कुठाय?"

"कुणाची?"

"मामीची. सकाळ आहे, दुपार आहे. संध्याकाळी ती काय करते?"

"मामा, पाचशे शब्द झाले की."

"सरावात मर्यादा नसते. मर्यादा परीक्षेत."

तिनं संध्याकाळ लिहिली. संध्याकाळी मामी घाटावर जाते, पायरीवर बसते, पाण्यात पाय सोडत नाही कारण जोडवी सैल झालीत. मला ती जोडवी सैल झाल्याचं आठवलं. शेवटच्या वर्षात झाली होती. हे या पोरीनं कधी बघितलं, देव जाणे. मी म्हणालो, "सुंदर. आता बाजाराचा दिवस लिही." बाजाराच्या दिवशी मामी कोथिंबिरीवरून भांडली. "आता पाहुणे आलेत असं लिही." पाहुणे आले, मामीनं मामांची नक्कल करून त्यांना हसवलं आणि मग एकदम उठून चहा ठेवायला गेली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

आणि एका दुपारी, लेखकाच्या मरणानंतर साधारण नवव्या पानावर, मामी स्कूटी शिकली.

मी उडालोच. "हे कुठून आणलंस?"

"माझ्या मनानं."

"तिला गाडी येत नव्हती."

"तुमी शिकवली नाही म्हणून येत नव्हती. मामीनं मला सांगितलं होतं. म्हणली होती, तुझ्या मामाला वाटतं मी नदीत जाऊन पडंन."

मी असं म्हणालो होतो खरा. चारचौघांत, टाळी घेण्यासाठी. आता मी मेलो होतो आणि माझी बायको दुसऱ्याच महिन्यात जांभळ्या रंगाच्या स्कूटीवरून कारखान्याच्या रस्त्यानं जात होती, पदर कमरेला खोचून. मला राग आला, आणि त्या रागाच्या खाली इतका आनंद झाला की मी पोरीला म्हणालो, "उद्या तिला झरी गावापर्यंत जाऊ दे."

पुढचे दिवस मी चार वाजायची वाट बघण्यात घालवले. लोक मालिकेची बघतात तशी. निबंध बावीस पानांचा झाला. सुट्टी असल्यानं मला कॉलेज नव्हतं, दुपारी लाइट जायची, खिडक्यांना ओले टॉवेल लावून आम्ही दोघं बसायचो. पोरगी लिहायची, मी खुर्चीत. अजिबात हलायचो नाही. मला असं वाटायला लागलं होतं की मी हललो, खाकरलो, पाणी प्यायला उठलो, तर तिकडे वहीतल्या घरात तिला अडचण होईल. मी मेलेला आहे, तर नीट मेलेलं असावं. गल्लीत स्कूटीचा आवाज आला की मी कान टवकारायचो. मला माहीत होतं की तो दवाखान्यातला कंपाउंडर जेवायला घरी येतो. रोज याच वेळी येतो. तरी मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो.

"मामा," पोरगी एकदा लिहिता लिहिता म्हणाली, "तुमी असं गप बसू नका."

"का गं?"

"मला भ्या वाटायलंय. तुमी काहीतरी बोला. मोठ्यानं बोला."

मी तिला शोकसभेतला एक किस्सा सांगितला. ती हसली नाही. मीही मनापासून सांगितला नव्हता.

दाजींचा पालमहून फोन यायचा. "तयारी कशी काय?" मी म्हणायचो, "एक नंबर." आणि परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा हिशेब असा होता की पोरीनं साडेतीन आठवड्यांत एकच निबंध लिहिला होता. तोही घड्याळ लावून, पाचशे शब्दांत बसवायचा सराव एकदाही केलेला नव्हता. हे मला दिसत होतं. मी तिला रोज सकाळी म्हणायचो, आज दुसरा विषय घेऊ. आणि चार वाजता म्हणायचो, काल ती झरीहून निघाली होती, तिला घरी तर येऊ दे.

आठ दिवस राहिले असताना अक्का आली. एस.टी.तून उतरली, फडक्यात बांधलेले धपाटे माझ्या हातात दिले, लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "हिला काय झालं? वाळली का?"

"अभ्यास करतीय," मी म्हणालो.

"दाव बघू काय लिहिलंस."

पोरीनं माझ्याकडे बघितलं. मी फ्रीजवरचा फोन सरळ केला. अक्कानं वही घेतली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. अक्का चौथी शिकलेली, पण तिचं वाचन म्हणजे कीर्तन. आठव्या ओळीला तिनं कपाळावर हात मारला. अंत्यविधीला ती खाली बसली. आणि मामीचं मीठ आलं तेव्हा अक्का रडायला लागली, आवाज काढून, पदर तोंडात धरून. मी तिच्यासमोर जिवंत उभा, हातात धपाटे.

मग एकदम थांबली. डोळे पुसले. "बरं झालं," म्हणाली. "कुणीतरी रडलं. लांबलं तुझं आयुष्य."

हे बाहेरच्या वाचकाला सांगावं लागेल. आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला की तो मरणाचा सांगावा समजतात. त्यावर तोड अशी की नात्यातल्या कुणालातरी त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी धाडायची. तो माणूस ऐकून खरोखर रडला की मरण तिथंच फिटलं, आलं तसं परत गेलं. मी लहान असताना वडिलांना शेतात कावळा शिवला. आईनं झरीला आत्याकडे कार्ड धाडलं. तिसऱ्या दिवशी आत्या, तिच्या सासूसह अकरा माणसं बैलगाडीतून गळे काढत आमच्या दारात. त्यांना हातपाय धुवायला पाणी द्यायला वडील स्वतः तांब्या घेऊन बाहेर आले. आत्यानं तांब्यासकट त्यांना मिठी मारली आणि मग शिव्या दिल्या. दुपारी पुरणपोळी झाली. माझ्या बालपणीचा सगळ्यात मजेचा दिवस तो. वडील पुढे चाळीस वर्षं जगले.

अक्का म्हणाली, "हसायलास काय? तुझ्या बायकोच्या बाबतीत कुणी केलं असतं तर?"

माझं हसू तिथेच राहिलं. कारण अक्काला जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

बायको गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गच्चीवर कुरडया घालत होती. कावळा आला, तिच्या डोक्यावर पंख मारून गेला. ती खाली आली, हातानं केस नीट करत, आणि हसत हसतच म्हणाली, "अक्कांना एक मेसेज टाका ना. खोटाच. त्या मन लावून रडतील." मी त्या वेळी कॉलेजातल्या कार्यक्रमासाठी विज्ञाननिष्ठेवर भाषण लिहीत होतो, खोटं सांगत नाही. मी तिला त्यातलाच एक उतारा म्हणून दाखवला. ती म्हणाली, "बरं बाई," आणि वर गेली. दिवाळी झाली आणि ती गेली. कशानं गेली ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं आहे. त्यात कावळा नाही. मी तो कागद बऱ्याचदा वाचलाय. शेकडो आज्या बिनदिक्कत मारणाऱ्या माणसाला एक खोटं मरण लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. अक्का ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला एक फोन करायचास रे. मी लय रडले असते."



मग अक्कानं वही मिटली, कमरेला लावली आणि तिचा आवाज बदलला. "आता ऐक. पोरीचा एकच डाव हाय. तिचा बाप दुसऱ्यांदा सोडायचा न्हाई. तुझा मोडलेला संसार लिहून काढायला म्या तिला धाडली न्हाई. ही वही मी पालमला नेती. तू तिला दुसरं काहीतरी शिकव."

वही गेली. संध्याकाळच्या एस.टी.नं, अक्काच्या मांडीवर, धपाट्यांच्या रिकाम्या फडक्यात गुंडाळून. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. बस सुटल्यावर मला वाटलं, बायकोला माहेरी धाडलंय.

उरलेल्या दिवसांत आम्ही घड्याळ लावून बसलो. पाणी, शेजार, बोलीभाषा, यंत्रं, असे विषय. पोरगी लिहायची आणि मी तपासायचो. शुद्ध, मुद्देसूद, मेलेलं. म्हणजे त्यात कुणी मेलेलं नव्हतं आणि सगळंच मेलेलं होतं. मला दुसरं काही शिकवता येत नव्हतं हे तिलाही कळलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मामा, मला आता एकच निबंध येतो. विषय काहीबी येऊ दे, मी फिरवून तिकडंच नेणार हाय."

"ने," मी म्हणालो. "पण पाचशेत. मी आठव्या ओळीत, मामी लगेच नवव्यात. स्कूटी शेवटाला."

ठरलं.

केंद्र परभणीला. सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. एका शाळेत परीक्षा, तळमजल्यावर वर्ग, खिडक्या रस्त्याकडे उघडणाऱ्या. पोरगी आत गेली. समोर रसवंती होती, झाडाची सावली होती आणि पोरांना सोडायला आलेले तीस-चाळीस आईबाप काय करावं ते न कळून उभे होते. आता मला सांगा, असा श्रोतृवर्ग आयता समोर असताना माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी उसाचा रस घेतला आणि निबंधात माणूस कधी मारावा यावर व्याख्यान सुरू केलं. हातवाऱ्यांसकट. लोक जवळ सरकले. जिंतूरकडचा एक बाप तर वहीत लिहून घ्यायला लागला. फार दिवसांनी मी असा बोललो. रसवंतीवाल्यानं दुसरा ग्लास आपणहून हातात दिला.

पोरीचा नंबर लागला, हे इथेच सांगून टाकतो. पंधरा दिवसांनी यादी आली, दाजी बोलल्याप्रमाणे तिला पुण्याला सोडून आले, पेढे वाटून झाले. ती आता तिकडेच आहे आणि फोनवर पूर्वीपेक्षा जास्त बोलते. मला सांगायचंय ते त्या फाटकापाशी झालं ते.

घंटा झाली, पोरं बाहेर आली. आमची सगळ्यात शेवटी आली. ओढणीला शाईचा डाग.

"काय आला होता विषय?"

"'मी अभ्यास केला ती जागा.'"

"वा. म्हणजे आपलाच की."

"हां. सुरुवात तशीच केली. तुमी गेले. मामी आली. मीठ लिहून झालं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मग पुढचं वाक्य सुचंना म्हणून वर बघितलं, तर तुमी खिडकीतून दिसायले होते."

"मी?"

"रस पीत होते. हात हलवून हलवून कुणाला तरी काहीतरी सांगायले होते. लोक हसायले होते."

"मग?"

"मग कसं मारू? माझ्यानं लिहवंना. सगळं खोडलं. बारा मिनिटं गेली होती त्यात. मग जसं हाय तसं लिहिलं. तुमी हायत, मामी न्हाई. आळणी भाजी तुमी करता. फोनला तुमी ओ देता. कुलूप लावताना तुमी थांबता. पावणेपाचशे शब्द झाले."

मी तिचा मामा. पोरीचा एकच डाव होता, तो ती खेळून आली होती, तिला म्हणायला हवं होतं की शाबास, चल, भूक लागली असेल. मघाचे सगळे श्रोते आजूबाजूला होते, जिंतूरकडचा बाप वही हातात घेऊन अगदी शेजारी उभा होता. मला एवढंच दिसत होतं की पंधरा पावलांवरच्या त्या वर्गात, दुपारी बारा वाजता, माझी बायको पुन्हा एकदा गेली होती, आणि मी खिडकीबाहेर रस पीत होतो. शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले, आणि माझ्या आवाजाला माईक लागत नाही.

"अगं, मला मारायचं ठरलं होतं ना आपलं. तिला कशाला मारलंस?"